हाताला कळेल अशी बाटली: साबण, तेल, शांपू बनवणाऱ्या नव्या उद्योजकांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत बचत गट आणि लहान घरगुती उद्योग आता साबण, केसांचं तेल, शांपू, उटणं असं बरंच काही बनवू लागले आहेत. माल मनापासून केलेला असतो. पॅकिंगची वेळ आली की मात्र घाऊक बाजारातून दोनशे मिलीच्या एकसारख्या बाटल्या येतात आणि त्यांवर वेगवेगळ्या रंगांची लेबलं लागतात. हिरवं लेबल शांपूचं, पिवळं तेलाचं, गुलाबी कंडिशनरचं. ज्याला दिसत नाही त्याच्या हातात या तिन्ही बाटल्या अगदी सारख्या लागतात. मग घरातल्या कुणाला तरी हाक मारायची, नाहीतर बाटलीला रबरबँड, दोरा, सेफ्टी पिन असं काहीतरी अडकवून ठेवायचं. आपलं आपण न्हाणं ही किती खाजगी गोष्ट आहे! त्यासाठी रोज दुसऱ्याला बोलवावं लागू नये, एवढ्यासाठी बाटली हाताने ओळखता येईल अशी करायची.

मी लहान उद्योगांच्या पॅकिंगची कामं करते. अंधांसाठी काही करायचं म्हटलं की बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा ब्रेल येतं. ब्रेल हवंच, पण माझ्या मते बाटली आधी ओळखता आली पाहिजे, वाचणं त्यानंतर. पुढच्या पायऱ्या मी त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: कोण वापरणार आणि कुठे

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी अशा दोन वेगळ्या व्याख्या आहेत. चांगल्या डोळ्याची नजर चष्मा लावूनही ३/६० पेक्षा कमी असेल तर अंधत्व, आणि ६/१८ पेक्षा कमी पण ३/६० पर्यंत असेल तर अल्पदृष्टी. ३/६० म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसणारं अक्षर तीन मीटरवर आल्यावर दिसणं. यातल्या पुष्कळ लोकांना उजेड, रंग, मोठा आकार थोडाफार कळतो. शिवाय मधुमेह, काचबिंदू यांमुळे उतारवयात नजर गेलेली माणसं बरीच असतात. त्यांनी ब्रेल कधी शिकलेलं नसतं, आणि मधुमेहात बोटांची संवेदनाही मंद होऊ शकते. म्हणून खूण अशी हवी, की जी शिकावी लागणार नाही आणि जाड बोटालाही लागेल.

आता जागा. न्हाणीघरात उजेड कमी, हात ओले, तोंडाला साबण. टेबलावर कोरड्या हाताने सहज कळणारी खूण फेस लागला की गुळगुळीत होऊन जाते. आणि डोळ्यांत फेस गेल्यावर डोळस माणूसही चाचपडतच असतो, तेव्हा ही सोय त्यालाही उपयोगी पडते.

दुसरी पायरी: चुकणाऱ्या जोड्या काढा

कागद घ्या आणि तुमच्या मालापैकी कोणती वस्तू कशाशी चुकू शकते ते लिहा. फक्त तुमचा माल धरू नका, घरात त्याच्या शेजारी काय असतं तेही धरा. शांपू आणि कंडिशनर ही नेहमीची जोडी. तेल आणि पातळ शांपू ही दुसरी. ट्यूबच्या बाबतीत फार जपावं लागतं: टूथपेस्ट, दुखण्यावरचं मलम आणि केस काढायचं क्रीम या तिन्हींच्या ट्यूब हाताला सारख्याच लागतात, आणि इथे चूक झाली तर तोंड भाजतं किंवा कातडी सोलवटते. केसांच्या काळ्या रंगाची पुडी आणि शांपूची पुडी ही आणखी एक जोडी.

ज्या जोडीत चूक झाल्यास इजा होते तिला यादीत सर्वांत वर ठेवा. पैसे थोडे असतील तर आधी तिथेच खर्च करा. तुम्ही फिनेल किंवा संडास साफ करायचं द्रव्यही बनवत असाल, तर ते अंगाच्या साबणासारख्या बाटलीत कधीही भरू नका. धोक्याच्या मालासाठी उठावदार त्रिकोणाची आंतरराष्ट्रीय खूण ठरलेली आहे (आयएसओ ११६८३), तीच वापरा. हा त्रिकोण सुगंधी वस्तूवर नक्षी म्हणूनही काढू नका.

तिसरी पायरी: खूण ठरवा, पण नवी शोधून काढू नका

जपानच्या काओ कंपनीने १९९१ मध्ये शांपूच्या बाटलीच्या कडेला ओळीने बारीक दातेरी रेघा काढल्या आणि कंडिशनरची बाटली गुळगुळीत ठेवली. कंपनीने या कल्पनेवर हक्क राखून ठेवला नाही, म्हणून जपानमधल्या इतर कंपन्यांनीही तीच खूण उचलली आणि पुढे ती तिथल्या राष्ट्रीय मानकात आली. नंतर अंगाच्या द्रवसाबणासाठी एकच सरळ उठावदार रेघ ठरली. अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बलने हर्बल इसेन्सेसच्या बाटल्यांवर २०१९ पासून वेगळी रीत धरली: शांपूच्या पाठीवर खालच्या बाजूला उठावदार रेघा, कंडिशनरवर उठावदार ठिपके.

दोन्ही रीती चांगल्या आहेत. माझा कौल जपानी रीतीला आहे, कारण तिथे शांपूला खूण आहे आणि कंडिशनरला नाही, त्यामुळे बोटाने ठिपके की रेघा हे पारखत बसावं लागत नाही. तुमच्या मालात तेल, शांपू, कंडिशनर आणि अंगाचा द्रवसाबण अशा चार वस्तू असतील तर शांपूला कडेच्या दातेरी रेघा, द्रवसाबणाला एक उभी रेघ, कंडिशनर गुळगुळीत, आणि तेलाची बाटलीच वेगळ्या आकाराची. प्रत्येक उद्योगाने आपापली खूण काढली तर वापरणाऱ्याला प्रत्येकाची लिपी नव्याने शिकावी लागेल. तुमच्या तालुक्यात आणखी कुणी हाच माल करत असेल तर एकत्र बसा आणि एकच खूण ठरवा. खुणेवरून स्पर्धा करू नये.

आपल्याकडे हाताने ओळखायच्या खुणा नवीन नाहीत. शंभरच्या नोटेवर उठावदार त्रिकोण असतो, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ, आणि वीस रुपयांचं नाणं बारा कडांचं असल्याने ते बोटाला लगेच कळतं. बाजारहाट करणाऱ्या अंध माणसाला अशी ओळख रोजच पटवावी लागते.

चौथी पायरी: खुणेची जागा

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते.

बाटली फळीवर उभी असते तेव्हा हात वरून येतो. पहिला स्पर्श होतो तो झाकणाला किंवा पंपाच्या डोक्याला. म्हणून खूण दोन ठिकाणी हवी: झाकणाच्या माथ्यावर आणि बाटलीच्या अंगावर. अंगावरची खूण दोन्ही कडांना काढा, म्हणजे उजव्या हाताने धरा की डाव्या, ती बोटाखाली येतेच. फक्त झाकणावर खूण असून भागत नाही, कारण झाकणं अदलाबदल होतात. दोन बाटल्या एकदम उघडल्या की कुणाचं झाकण कुणाला लागलं ते कळत नाही.

खूण लेबलवर नको, बाटलीवरच हवी. लेबल ओलं होऊन सुटतं, तेलाच्या बाटलीवर तर कागद महिन्याभरात तेलकट होऊन चुरगळतो. बाटलीला वरून खालपर्यंत श्रिंक स्लीव्ह चढवणार असाल तर आणखी एक अडचण येते. गरम हवेने आवळलेला तो प्लॅस्टिकचा कपडा बारीक उठाव दाबून टाकतो. खूण आहे ती पट्टी स्लीव्हच्या बाहेर ठेवा.

पाचवी पायरी: तयार बाटल्या वापरत असाल तर

नव्या उद्योगाजवळ स्वतःचा साचा नसतो, आणि सुरुवातीला तो करूही नये. बाजारात मिळणाऱ्या बाटल्यांतच पुष्कळ काम होतं. तेलाला चपटी बाटली, शांपूला गोल, कंडिशनरला झाकणावर उलटी उभी राहणारी ट्यूब. शांपूला फ्लिप टॉप झाकण, द्रवसाबणाला पंप. आकाराचा फरक बोटाला खुणेच्याही आधी कळतो, आणि खर्च जवळजवळ तेवढाच येतो.

त्यावर खूण हवी असेल तर गाड्यांवर आणि यंत्रांवर लावतात ते फुगीर डोम स्टिकर लहान आकारात करून घेता येतात. बाटलीवर स्क्रीन प्रिंटिंग करणारे जाड शाईचा थर देऊ शकतात, पण एका थराची शाई बोटाला लागत नाही, दोन-तीन थर मागून घ्या. नमुन्यापुरतं कापडावर रंगवायच्या थ्रीडी आउटलायनरने रेघ ओढली तरी चालतं. विक्रीच्या मालाला तो वापरू नका, पाण्याने सुटतो.

इथे आपल्या हवेचा विचार केलाच पाहिजे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि पत्र्याखालच्या दुकानात किंवा टेम्पोत त्याहून जास्त. त्या उष्णतेत स्टिकरचा गम मऊ पडतो आणि खूण जागेवरून सरकते. बाटली तेलाने भरून, खूण लावून काही दिवस उन्हात पत्र्यावर ठेवा, मग तेलकट अंगठ्याने जोर लावून घासा. सरकली तर तो स्टिकर बाद. हिवाळ्यात वेगळी गंमत होते: खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, आणि धुळ्याकडच्या थंडीत ते दगडासारखं होतं. बारीक तोंडाची बाटली तेव्हा निकामी. तेलाला रुंद तोंड द्या, म्हणजे बोट किंवा चमचा आत जातो.

पुडीच्या बाबतीत सोय थोडी कठीण आहे, पण सोडून देऊ नका. आठवडी बाजारात आणि सारंगखेड्यासारख्या यात्रेत माळेतल्या पुड्याच जास्त खपतात. सील करणाऱ्या यंत्राच्या जबड्यावर जी रेघांची नक्षी असते ती पुडीच्या काठावर उमटते. शांपूच्या पुडीला रेघांचा काठ आणि कंडिशनरच्या पुडीला साधा काठ, एवढं पॅकिंगवाल्याला सांगून पाहा. फाडायची खाच मात्र सगळ्या पुड्यांना एकाच कोपऱ्यात असू द्या.

सहावी पायरी: स्वतःचा साचा करताना

धंदा वाढला आणि साचा करायची वेळ आली की खूण पहिल्याच चित्रात घाला. साच्याच्या लोखंडात खोल रेघ कोरली की बाटलीवर ती उठून येते, आणि कोरणं हे साचेवाल्याचं रोजचं काम आहे. उलट, बाटलीवर खोलगट खूण हवी असेल तर साच्यात ती जागा उंच ठेवून बाकीचं सगळं खरवडावं लागतं, आणि खर्च वाढतो. म्हणून नेहमी उठावदार खूणच मागा. साचा तयार झाल्यावर बदल करायला गेलात तर तेच काम महागात पडतं.

बाटली हवेने फुगवून बनते, त्यामुळे बारीक टोकदार आकार तिच्यावर नीट उतरत नाहीत, कडा गोलावतात. रेघा चांगल्या येतात, ब्रेलचे ठिपके मात्र पसरट होतात. झाकण दाबाने साच्यात भरून बनतं, त्यावर बारीक ठिपकाही स्वच्छ येतो. म्हणजे अंगावर रेघा आणि झाकणावर ब्रेल अशी वाटणी करा.

सातवी पायरी: ब्रेल

ब्रेलचा आकार जागेप्रमाणे लहान-मोठा करता येत नाही. वाचणाऱ्याच्या बोटाच्या टोकाखाली एक अक्षर मावलं पाहिजे, म्हणून मापं ठरलेली आहेत. एका अक्षराच्या चौकटीत सहा ठिपक्यांच्या जागा असतात, दोन उभ्या ओळींत तीन-तीन. औषधांच्या खोक्यांवर वापरतात त्या मापात शेजारच्या दोन ठिपक्यांत अडीच मिलिमीटर अंतर, एका अक्षरापासून दुसऱ्या अक्षरापर्यंत सहा, आणि ओळीपासून ओळीपर्यंत दहा. डिझायनरने जागा नाही म्हणून ब्रेल ऐंशी टक्क्यांवर आणलं तर ते वाचताच येत नाही.

आपल्या भाषा १९५१ मध्ये ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये लिहिल्या जातात. त्यात मात्रा स्वतंत्र स्वर होऊन व्यंजनानंतर येते, आणि व्यंजनातला 'अ' लिहावा लागत नाही. 'तेल' म्हणजे त, ए, ल अशी तीन अक्षरं, जागा अठरा मिलिमीटर. 'शांपू' म्हणजे श, आ, अनुस्वार, प, ऊ अशी पाच अक्षरं, तीस मिलिमीटर. या हिशोबाने झाकणावर किंवा खोक्यावर काय मावेल ते आधीच काढता येतं. ब्रँडचं लांबलचक नाव लिहायचा मोह आवरा. वस्तूचं नाव आधी, जागा उरली तर ब्रँडची दोन-तीन अक्षरं.

संगणकावरच्या ब्रेल फॉन्टमध्ये मराठी टाइप करून जे उमटतं त्यावर भरवसा ठेवू नका. छापण्याआधी ब्रेल वाचणाऱ्या माणसाकडून प्रत्यक्ष उठावाचा नमुना वाचून घ्या. स्क्रीनवरचं चित्र दाखवून काही कळत नाही, आणि खोकं जोडताना ब्रेल उलटं किंवा आतल्या घडीवर जाणं सहज शक्य असतं.

आठवी पायरी: कमी दिसणाऱ्यांसाठी छपाई

मरून पाकिटावर सोनेरी चमकती अक्षरं लग्नसराईत छान दिसतात, पण अल्पदृष्टी असलेल्याला त्यात फक्त झगमगाट दिसतो. गडद रंगावर फिकी अक्षरं किंवा फिक्यावर गडद, आणि कागद मॅट. वस्तूचं नाव बाटलीवर सर्वांत मोठं, ब्रँडच्या चिन्हापेक्षाही मोठं. देवनागरीत वर-खाली मात्रा असतात, त्यामुळे दोन ओळी जवळ आल्या की उकार आणि वेलांटी एकमेकांत घुसतात. मुक्ता किंवा बलूसारखा साधा, सारख्या जाडीचा टाइप घ्या.

बॅच नंबर आणि 'या तारखेपूर्वी वापरा' हे गडद बाटलीवर काळ्या ठिपक्यांत मारलेलं मी रोज पाहते. त्या जागी एक पांढरा चौकोन सोडा. सौंदर्यप्रसाधन नियम २०२० आणि वैधमापन नियम २०११ यांप्रमाणे जे छापणं बंधनकारक आहे ते सगळं छापावं लागतंच, खूण आणि ब्रेल त्याच्या जोडीला येतात, त्याऐवजी नाही. आणि साबण असो की शांपू, विक्रीसाठी बनवायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, तो आधी काढा.

नववी पायरी: फोनवरून वाचायची सोय

घटक, वापरायची पद्धत, ॲलर्जीची सूचना हे ब्रेलमध्ये मावत नाही. त्यासाठी क्यूआर कोड चांगला, पण कोड कुठे आहे ते हाताला कळायला हवं. त्याभोवती उठावदार चौकट काढा, किंवा खोक्याचा तो कोपरा कापा. कोड उघडल्यावर येणारं पान साधा मजकूर असलेलं ठेवा. लेबलचा फोटो टाकून ठेवला तर स्क्रीन रीडरला, म्हणजे फोनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सोयीला, त्यातलं काही मिळत नाही. डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतो, तो तसाच चिकटवला तर फोन अगम्य अक्षरं बडबडतो. मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या आणि ॲंड्रॉइड फोनवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर सुरू करून, डोळे मिटून, पूर्ण पान ऐका.

दहावी पायरी: वापरणाऱ्यांकडून तपासून घ्या

डोळ्यांना पट्टी बांधून स्वतः केलेली चाचणी पुरेशी नाही. तुमच्या हातांना ती सवय नसते आणि बाटल्या तुम्हाला आधीच माहीत असतात. अंध आणि अल्पदृष्टी असलेल्या, वेगवेगळ्या वयांच्या माणसांना बोलवा. जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनच्या मनोबल केंद्रात दृष्टिबाधित विद्यार्थी स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. अशा संस्थांशी रीतसर बोलून वेळ ठरवा. पण फक्त तरुणांवर थांबू नका, गावातल्या म्हाताऱ्या माणसांपर्यंतही जा. आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. हे सल्ल्याचं काम आहे, उपकाराचं नाही.

'कशी वाटली बाटली?' असं विचारलं तर आपल्याकडची माणसं समोरच्याचं मन राखायला 'चांगली शे' (चांगली आहे) म्हणतात. काम सांगा: हात ओले करून, या चारांतून शांपू काढून द्या. मग गप्प बसून हातांकडे पाहा. यावल तालुक्यातल्या एका जिजींची नजर मधुमेहात गेली आहे. त्यांनी बाटली घेतली, अंगठा झाकणावरून फिरवला, मग बाटली कानाशी नेऊन हलवली, आणि 'हाई तेल शे ना बाई?' असं विचारलं. बाटली शांपूची होती. काठोकाठ भरलेली असल्यामुळे आतून आवाजच आला नाही. त्यांचं बोट रेघांवरून एकदाही गेलं नव्हतं, कारण रेघा खाली बुडाशी होत्या आणि त्यांनी बाटली गळ्याशी धरली होती. त्यानंतर मी रेघा गळ्यापासून निम्म्या उंचीपर्यंत आणायला सांगू लागले.

झाकण बंद झाल्याचा 'टक' असा आवाज येतो का, पंप एका दाबात किती काढतो, ट्यूबचं सील दात न लावता निघतं का, हेही त्याच बैठकीत पाहून घ्या.

विक्रीला नेताना

खूण केली आणि कुणाला सांगितलीच नाही तर ती बाटलीवरच राहते. स्टॉलवर आलेल्या अंध गिऱ्हाइकाच्या हातात बाटली द्या आणि खूण कुठे आहे ते सांगा, सोबतच्या माणसाशी नव्हे, त्यांच्याशीच बोला. दुकानदारालाही एकदा दाखवून ठेवा.

शेवटचं काम कागदाचं. कोणत्या वस्तूला कोणती खूण, तिची जागा, उंची आणि लांबी मिलिमीटरमध्ये, असा एक पानाचा तक्ता करून बाटलीवाल्याला, लेबलवाल्याला आणि पॅकिंग करणाऱ्या ताईंना द्या. बाटलीवाला बदलला किंवा माल संपला म्हणून दुसरी बाटली आली, तर सगळ्यांत आधी खूणच हरवते. नवी बाटली घेण्यापूर्वी तिचा नमुना त्या तक्त्याशी ताडून पाहा, आणि जमत नसेल तर ती बाटली परत करा.